तणनाशक ‘बहुधा कॅन्सरकारक’ ठरले. तुमच्या घरासाठी याचा अर्थ काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे ‘आयएआरसी’ने, ॲट्राझीन आणि ॲलाक्लोर या दोन तणनाशकांचा समावेश ‘२ए’ गटात केला. या गटाचा अर्थ आहे ‘माणसात बहुधा कॅन्सर निर्माण करणारे’. अशी बातमी आली की घरात दोन प्रकारचे सूर निघतात. एक म्हणतो, ‘बघा, भाजीतून आपण कॅन्सरच खातोय.’ दुसरा म्हणतो, ‘सरकारने परवानगी दिलेली औषधं आहेत, उगाच घाबरवतात.’ हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. ते का चुकीचे, आणि खरी काळजी कोणी व कशाची घ्यायची, ते या लेखात पाहू.

तुम्ही अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरला राहत असाल, तर शेती तुमच्यापासून लांब वाटेल. पण गावाला भाऊ किंवा काका ऊस-मका घेत असतील, सोसायटीचा माळी पावसाळ्याआधी ‘गवताचे औषध’ मारत असेल, आणि नळाचे पाणी व बाजारातली भाजी तर रोजचीच आहे. म्हणून हा विषय तुमचाही आहे.

उगवणपूर्व तणनाशक म्हणजे काय?

तणनाशके ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. उगवलेल्या तणावर मारायची एक, आणि तण उगवण्याआधीच जमिनीवर मारायची दुसरी. दुसऱ्या प्रकाराला उगवणपूर्व तणनाशक म्हणतात. पेरणी झाल्यावर एक-दोन दिवसांत ओल असलेल्या जमिनीवर ते फवारतात. मातीच्या वरच्या थरात त्याचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि तणाचे बी रुजतानाच मरते.

महाराष्ट्रात मका आणि उसात ॲट्राझीन, सोयाबीन, कापूस, तूर, कांद्यात पेंडिमेथॅलीन, कांद्यात ऑक्सिफ्लोरफेन, भातात ब्युटाक्लोर अशी नावे शेतकऱ्यांच्या तोंडी असतात. खुरपणीला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी परवडत नाही, म्हणून यांचा वापर होतो. हे कारण खरे आहे. म्हणून ‘विष मारता कशाला?’ असा प्रश्न शेतकऱ्याला विचारून काही साधत नाही.

ही रसायने वनस्पतींवर काम करण्यासाठी बनवलेली आहेत. ॲट्राझीन प्रकाशसंश्लेषण थांबवते, पेंडिमेथॅलीन रुजणाऱ्या मुळातील पेशींचे विभाजन रोखते. माणसात प्रकाशसंश्लेषण होत नाही, मग आपल्याला काय होणार, असा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेल. तो अपुरा आहे. प्रयोगातील उंदरांमध्ये ॲट्राझीनने मेंदूतून येणाऱ्या ‘एलएच’ या संप्रेरकाची लाट दाबली आणि माद्यांचे चक्र बिघडले. पेंडिमेथॅलीनच्या मोठ्या डोसमुळे उंदरांच्या थायरॉइडमध्ये गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्याला ‘कदाचित कॅन्सरकारक’ असा शेरा दिला. उंदराचे थायरॉइड माणसापेक्षा जास्त संवेदनशील असते, हेही त्याच वेळी लक्षात घ्यावे लागते. एकच रसायन वनस्पतीत एका ठिकाणी आणि प्राण्यात दुसऱ्याच ठिकाणी परिणाम करू शकते. सुरक्षिततेची तपासणी करावी लागते ती यासाठीच.

सुरक्षितता ठरवतात कशी?

प्राण्यांना वेगवेगळे डोस महिनोन्‌महिने देतात आणि ज्या डोसला काहीही अपाय दिसत नाही तो शोधतात. मग त्याला साधारणपणे १०० ने भागतात. १० पट सूट प्राणी आणि माणूस यांतील फरकासाठी, आणखी १० पट माणसामाणसांतील फरकासाठी: बाळ, गरोदर स्त्री, आजारी व्यक्ती. जे उत्तर येते ते ‘आयुष्यभर रोज पोटात गेले तरी चालेल’ असे प्रमाण.

ॲट्राझीनचे उदाहरण घ्या. अपाय न दिसलेला डोस शरीराच्या दर किलोमागे रोज १.८ मिलिग्रॅम होता. त्याला १०० ने भागून, थोडे पूर्णांकात आणून, २००७ मध्ये जागतिक तज्ज्ञगटाने ०.०२ मिलिग्रॅम हे प्रमाण ठरवले. ६० किलो वजनाच्या माणसासाठी हे रोजचे १.२ मिलिग्रॅम झाले.

पद्धत चांगली आहे, पण तिच्यात तीन गृहीतके आहेत. रसायन एकावेळी एकच येते, लेबलवर लिहिल्याप्रमाणेच वापरले जाते आणि फवारणारा माणूस हातमोजे, बूट, मास्क घालतो, अशी ती गृहीतके. आपल्याकडे पाठीवरचा गळका पंप, उघडे पाय आणि ओली बनियन हे चित्र जास्त दिसते. कागदावरची सुरक्षितता आणि शेतातली सुरक्षितता यांत जे अंतर पडते ते इथे.

‘२ए’ गटाचा खरा अर्थ

आयएआरसी एकाच प्रश्नाचे उत्तर देते: या गोष्टीत कॅन्सर निर्माण करण्याची क्षमता आहे का, आणि पुरावा किती भक्कम आहे? किती प्रमाणात, किती लोकांना होईल, हे ती सांगत नाही. विहिरीला कठडा नाही, एवढे ती सांगते. तुम्ही विहिरीच्या किती जवळून चालता, हा वेगळा प्रश्न आहे.

गट १ मध्ये पक्का पुरावा असलेल्या गोष्टी आहेत: तंबाखू, दारू, सुपारी, हवेचे प्रदूषण. गट २ए मध्ये लाल मांस, रात्रपाळीचे काम, ६५ अंशांपेक्षा गरम पेये आणि २०१५ पासून ग्लायफोसेट हे तणनाशकही आहे. म्हणजे कडकडीत चहा आणि ॲट्राझीन एकाच गटात. याचा अर्थ दोन्ही सारखेच घातक असा नाही. पुराव्याची पातळी सारखी, एवढाच.

१९९९ मध्ये याच संस्थेने ॲट्राझीनबद्दल ‘वर्गीकरण करता येत नाही’ असे म्हटले होते. आता प्राण्यांमधील पुरावा पुरेसा आणि माणसांमधील पुरावा ‘मर्यादित’ मानला गेला. मर्यादित म्हणजे शेतकऱ्यांच्या अभ्यासांत संबंध दिसतो, पण योगायोग किंवा इतर कारणे पूर्णपणे वगळता येत नाहीत. ॲट्राझीनच्या बाबतीत लिम्फोमाच्या एका प्रकाराशी आणि ॲलाक्लोरच्या बाबतीत स्वरयंत्राच्या कॅन्सरशी असा संबंध दिसला आहे.

एक रसायन, चार मर्यादा

पिण्याच्या पाण्यात ॲट्राझीन किती चालेल? दर लिटरमागे उत्तरे अशी आहेत:

- युरोपीय संघ: ०.१ मायक्रोग्रॅम
- भारत (भारतीय मानक १०५००, २०१२): २ मायक्रोग्रॅम
- अमेरिका: ३ मायक्रोग्रॅम
- जागतिक आरोग्य संघटना: १०० मायक्रोग्रॅम

हजारपटीचा फरक पाहून ‘यांचे यांनाच कळत नाही’ असे वाटेल. पण हे आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा वर सांगितलेल्या गणितातून येतो: रोजच्या १.२ मिलिग्रॅमपैकी २० टक्के पाण्यातून आणि रोज २ लिटर पाणी. युरोपचा आकडा विषशास्त्रातून आलेला नाही. पिण्याच्या पाण्यात कोणतेही कीडनाशक असूच नये, या धोरणातून तो आला. भूजलात ही मर्यादा ओलांडली जाते म्हणून युरोपने २००४ मध्ये ॲट्राझीनला मंजुरी नाकारली.

आपली मर्यादा कडक बाजूची आहे. मर्यादेइतके ॲट्राझीन असलेले २ लिटर पाणी प्यायलात तरी पोटात ४ मायक्रोग्रॅम जाते. ६० किलोच्या माणसाच्या रोजच्या प्रमाणाचा हा ३०० वा भाग. अर्थात, ते रोजचे प्रमाण ठरले २००७ मध्ये. नव्या वर्गीकरणानंतर ते पुन्हा तपासले जावे, ही मागणी रास्त आहे.

भारतात काय घडले?

आपला कायदा १९६८ चा आहे आणि त्यात तणनाशकेही ‘कीटकनाशक’ याच व्याख्येत येतात. या कायद्यामागे १९५८ ची केरळमधील दुर्घटना होती. पॅराथिऑनने दूषित झालेले अन्न खाऊन तेव्हा शंभरावर माणसे दगावली. म्हणजे कायदा जन्मला तो तत्काळ होणाऱ्या विषबाधेच्या धक्क्यातून. डब्यावरचा रंगीत त्रिकोणही तेच मोजतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. एकदा पोटात गेल्यास किती मारक, एवढेच तो सांगतो. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगावर येत राहिले तर काय, याबद्दल त्रिकोण गप्प असतो. निळा त्रिकोण पाहून ‘हे सौम्य आहे’ असे समजणे म्हणूनच फसवे.

जुन्या कीडनाशकांच्या फेरतपासणीसाठी २०१३ मध्ये डॉ. अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने ६६ रसायने पाहिली. त्यानंतरच्या २०१८ च्या आदेशाने ॲलाक्लोरचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला. म्हणजे आयएआरसीने आता ज्याला २ए म्हटले, त्यातले एक भारताने आधीच थांबवले होते.

मे २०२० मध्ये केंद्राने आणखी २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. त्यात ॲट्राझीन, ब्युटाक्लोर, पेंडिमेथॅलीन, ऑक्सिफ्लोरफेन, डायुरॉन ही उगवणपूर्व तणनाशके होती. उद्योग आणि इतरांच्या हरकती आल्या, तज्ज्ञ समिती बसली, आणि २०२३ मध्ये बंदी आली ती मोजक्याच रसायनांवर: डायकोफॉल, डायनोकॅप, मेथोमिल आणि मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्क्यांचे द्रावण. २७ पैकी इतक्या थोड्यांवरच कारवाई का, असा प्रश्न त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही विचारला होता. ॲट्राझीन बाजारात राहिले.

इथे रुग्ण आणि नागरिक म्हणून एक मुद्दा लक्षात ठेवा. युरोपात आणि अमेरिकेत मंजुरीचा ठराविक वर्षांनी फेरआढावा घ्यावाच लागतो. आपल्याकडे एकदा नोंदणी झाली की तिला मुदत नसते. समिती नेमली तरच फेरतपासणी होते. विज्ञान मात्र थांबत नाही. १९९९ चे उत्तर आणि २०२५ चे उत्तर वेगळे आहे, हे आपण आताच पाहिले. ‘बंदी घाला’ या घोषणेपेक्षा ‘ठराविक मुदतीने तपासा आणि अहवाल लोकांसमोर ठेवा’ ही मागणी लोकांच्या आरोग्याच्या जास्त कामाची आहे.

मग धोका कोणाला?

सर्वांत जास्त फवारणाऱ्याला. त्यातही औषध पाण्यात मिसळताना, कारण तेव्हा ते तीव्र असते आणि हातावर सांडते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. ती मुख्यतः कीटकनाशके होती, पण धडा तोच: संरक्षणाशिवाय काम करणाऱ्याच्या अंगावर सगळा भार पडतो.

दुसरा क्रम त्याच्या घरच्यांचा: फवारणीचे कपडे धुणारी बाई, डबा खेळायला घेणारे मूल. तिसरा, शेताला लागून असलेल्या विहिरीचे किंवा बोअरवेलचे पाणी पिणाऱ्यांचा. ॲट्राझीन मातीतून पाण्यात सहज झिरपते. पाणी उकळून, गाळून किंवा क्लोरीन टाकून ते जात नाही. सक्रिय कोळशाचा किंवा आरओ फिल्टर ते बऱ्याच अंशी काढतो. गावच्या विहिरीबद्दल शंका असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ‘भारतीय मानक १०५०० प्रमाणे कीडनाशक अवशेष’ अशी तपासणी सांगून करून घ्या. साध्या पाणी तपासणीत हे येत नाही.

मुंबईकर या यादीत बराच खाली आहे. आपले पाणी भातसा, तानसा, मोडकसागर, अप्पर आणि मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी या तलावांतून येते. विहार आणि तुळशी तर बोरिवली-मुलुंडच्या मधल्या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत, मका-उसाच्या पट्ट्यात नाहीत. भाजीचे म्हणाल तर उगवणपूर्व तणनाशक पीक उगवण्याआधी मातीवर पडते आणि काढणी आठवड्यांनी-महिन्यांनी होते. त्यामुळे ताटापर्यंत येणारे अवशेष सहसा कमी असतात. वाहत्या पाण्यात भाजी चोळून धुवा, गाजर-मुळा सोलून घ्या, एवढे पुरे. भाजी खाणेच कमी केलेत तर तोटा नक्की आणि फायदा नगण्य.

सोसायटीच्या आवारात

मे महिन्याच्या शेवटी पेव्हर ब्लॉकच्या फटींत आणि बागेत तणनाशक मारायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. सेक्रेटरींना हे प्रश्न जरूर विचारा:

- औषधातील घटकाचे नाव काय? ‘गवताचे औषध’ हे नाव नव्हे.
- लेबलवर ज्या पिकांसाठी परवानगी लिहिली आहे, त्यात सोसायटीचे आवार बसते का?
- फवारणी परवानाधारक पेस्ट कंट्रोल करणार आहे की माळ्याच्या हातात पंप दिला आहे? ग्लायफोसेटबाबत तर केंद्राच्या ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने वापर पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरताच ठेवला.
- माळ्याला हातमोजे, गमबूट, मास्क, अंघोळीची सोय आहे का?
- मुले, गरोदर स्त्रिया आणि पाळीव प्राणी किती वेळ लांब ठेवायचे?

जोरदार पावसाच्या तोंडावर फवारलेले औषध गटारातून थेट पोयसर, दहिसर, मिठी अशा नद्यांत जाते. शिवाय लव्हाळा, हरळी यांसारख्या आधीच मुळे धरलेल्या तणावर उगवणपूर्व औषध फारसे चालतही नाही. फटींत कडक ब्रश, उकळते पाणी, वाफ्यांत पालापाचोळ्याचे आच्छादन आणि पावसाळ्यात दोनदा खुरपणी एवढ्यावर बहुतेक सोसायट्यांचे भागते.

औषध पोटात किंवा अंगावर गेले तर

- अंगावर सांडल्यास कपडे लगेच काढून साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांत गेल्यास १५ ते २० मिनिटे स्वच्छ पाणी सोडा.
- पोटात गेल्यास उलटी करवू नका. अनेक औषधांत तेलकट द्रावक असतो. उलटीबरोबर तो फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. मीठपाणी, दूध, तूप काही देऊ नका.
- ताबडतोब १०८ ला फोन करा किंवा राजावाडी, कूपर यांसारख्या जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. डबा किंवा लेबलचा फोटो सोबत न्या. दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे.

डबा नेणे इतके महत्त्वाचे का? कारण ‘तणनाशक’ या एका शब्दाखाली फार वेगळी रसायने येतात. पेंडिमेथॅलीनने बहुतेकदा उलट्या आणि पोटदुखी होते आणि रुग्ण सावरतो. डायुरॉनमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होऊन ओठ-नखे निळी पडू शकतात; त्यावर उपचार आहेत. पॅराक्वाट मात्र एका घोटातही फुप्फुसे निकामी करू शकते आणि त्याला उतारा नाही. त्याच्या डब्यावरचा त्रिकोण लाल नसून पिवळा असतो! पहिल्या काही तासांत माणूस ठीक दिसतो, म्हणून घरी थांबू नका. आणि कोणतेही तणनाशक कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका.

घरात कॅन्सरचा रुग्ण असेल तर

‘बाबांनी गावी इतकी वर्षे फवारणी केली, त्यामुळेच झाला का?’ एका माणसाच्या बाबतीत याचे ठाम उत्तर कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. संबंध दिसतो तो हजारो माणसांच्या अभ्यासात. ॲट्राझीन काही दिवसांत लघवीवाटे निघून जाते. त्यामुळे वर्षांपूर्वीची फवारणी शोधणारी रक्ततपासणी नाही आणि ‘शरीरातील विष काढणारे’ पॅकेज घेऊन उपयोगही नाही. मात्र कोणती औषधे, किती वर्षे आणि कशी फवारली, ही माहिती डॉक्टरांना स्वतःहून सांगा. तंबाखू, मिश्री, सुपारी चालू असेल तर ती आजच थांबवा. तिथे पुरावा मर्यादित नाही, पक्का आहे.

फवारणी केलेल्या किंवा करणाऱ्या नातेवाइकाच्या मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ येऊन ती दोन-तीन आठवड्यांत जात नसेल, आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असेल, कारण नसताना वजन उतरत असेल किंवा रात्री घाम येत असेल, तर तपासणी लांबवू नका. यातली बहुतेक कारणे साधी निघतात. जी साधी नसतात ती लवकर कळलेली बरी.

पुढच्या वेळी गावी फोन कराल तेव्हा पीकपाण्याच्या गप्पांत एक प्रश्न विचारा: ‘औषध कोणते मारता, आणि हातमोजे आहेत का?’ नसतील, तर रबरी हातमोजे आणि गमबूट मुंबईहून घेऊन जा.